तो परत का जात नाही?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कटंगीला जाऊन आलो. सरकारी नोकराने मार्चअखेर रजा मागायची नसते, म्हणून एप्रिल. रजेच्या अर्जावर गावाचं नाव वाचून आमच्या सेक्शनमधल्या चौघांनी विचारलं, "हे कुठे आलं?" तर मंडळी, कटंगी हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. महाराष्ट्राची हद्द जवळच. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या राज्याची राजधानी होती, त्यामुळे बाजारात हिंदी, पोवारी आणि मराठी एकाच दुकानात ऐकू येतात. भाताचा मुलूख आहे, आपल्यासारखाच. जवळ तिरोडीला मँगनीजची खाण आहे, तेव्हा डिचोली-सांग्याच्या माणसाला खाणीच्या धुळीचाही परकेपणा वाटायचा नाही. माझी थोरली बहीण पंचवीस वर्षांपूर्वी तिथे दिली.

ताईचा मुलगा बावीस वर्षांचा. कॉम्प्युटर शिकलाय आणि दोन मित्रांबरोबर एक गेम बनवतोय. हॉरर गेम. पहिल्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "मामाजी, तुम्ही बी.ए. मराठीवाले. स्टोरी बघून सांगा." (तिकडे मामाला मामाजी म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.)

पडद्यावर पाऊस, विजा, डोंगरावर एक बंगला. काळा कोट घातलेला माणूस गाडीतून उतरतो. नाव जॅक, पेशा डिटेक्टिव्ह. फाटक ढकलतो. भिंतीवर रक्ताने काहीतरी लिहिलंय, तरी जॅक आत जातो. वरून बाईच्या रडण्याचा आवाज येतो, जॅक जिना चढतो. चित्रं झकास होती, खरं सांगतो. पोरांनी मेहनत घेतली होती. तरी मी विचारलं, "हा परत का जात नाही?"

"मामाजी, परत गेला तर गेमच संपेल ना!"

"अरे, ते तुझं कारण झालं. त्याचं कारण काय?"

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "तो क्युरिअस आहे." पुढचे चार दिवस आम्ही याच एका प्रश्नावर बोलत राहिलो आणि परतीच्या गाडीतही तो डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सोपं आहे. भीतीच्या गोष्टीत भूत किती भयंकर आहे यापेक्षा नायकाला घरी का जाता येत नाही, हे महत्त्वाचं. पुस्तकात एक वेळ हा प्रश्न लेखक झाकून नेऊ शकतो. नारायण धारपांचा माणूस अंधाऱ्या जिन्याकडे निघाला की आपण मनात ओरडतो, "जाऊ नकोस!" पण त्याला ऐकू येत नाही, तो जातोच. गेममध्ये जिना चढायचा की नाही हे आपला अंगठा ठरवतो. तिथे नायकाला कारण नसेल तर खेळणारा त्याला पुढे ढकलतो, पण स्वतः त्याच्याबरोबर आत जात नाही. बाहेर बसून बघतो. मग अंगावर काहीतरी धावून आलं की दचकतो. दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फटाका फुटल्यावरही माणूस दचकतोच की.

भाच्याने मला काही नावाजलेले गेम दाखवले. मी खेळलो नाही, तो खेळत होता आणि मी शेजारी चहा पीत होतो. १९९९ चा 'सायलेंट हिल' हा जपानी गेम घ्या. त्याचा नायक हॅरी मेसन हा शिपाई नाही, पोलीस नाही. तो लेखक आहे. त्याचा नेम धड लागत नाही, धावला की धाप लागते. गाडीला अपघात होतो, शुद्धीवर येऊन बघतो तर शेजारी बसलेली लहान मुलगी नाही. बाहेर धुकं. आता हा बाप परत जाईल का? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. २००१ च्या दुसऱ्या भागात (त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली) जेम्स नावाच्या माणसाला बायकोचं पत्र येतं: आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय. बायको तीन वर्षांपूर्वी वारलेली. त्याला ठाऊक आहे की मेलेलं माणूस पत्र लिहीत नाही, तरी तो जातो. ज्याने घरातलं माणूस गमावलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. तो भीतीचा गेम नाही, पण कारण तिथेही एका वाक्याचं आहे. सर्कशीतली मुलगी, तिच्या धाकट्या भावाला असुर पळवून नेतात, ती शोधायला निघते. आपल्याकडे कारण सुचत नाही असं अजिबात नाही.

आणि जॅक तरी का हवा? कटंगीच्या दक्षिणेला, वैनगंगेच्या पलीकडे, गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला नागझिऱ्याचं अभयारण्य आहे. १९९३ मध्ये तिथे एका मित्राने राही अनिल बर्वे यांना धारपांची एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या मनात बसली आणि पुढे २०१८ मध्ये तिच्यातून 'तुंबाड' आला. म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या सगळ्यात गाजलेल्या भारतीय भयपटाचं बी या पोराच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर पडलं होतं. हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. मग मी विचारलं, "त्यातला विनायक परत का जात नाही?" तो लगेच म्हणाला, "सोन्याची नाणी." बरोबर. नुसती हाव. विनायक चांगला माणूस नाही, आपल्याला तो आवडतही नाही, पण त्याच्यावर विश्वास बसतो, कारण फुकटच्या पैशाची चटक सगळ्यांना ठाऊक आहे. तो परत जातो, पुन्हा येतो, आणि पुढे मुलालाही घेऊन येतो. विश्वास बसायला नायक सज्जन असावा लागत नाही, हे 'तुंबाड'ने छान दाखवलं.

दुसरं उदाहरण २०१७ च्या 'लपाछपी'चं. नवरा कर्जबाजारी झालाय, देणेकरी मारहाण करतायत, म्हणून तो गरोदर बायकोला घेऊन ड्रायव्हरच्या गावी, उसाच्या शेतातल्या घरात लपायला जातो. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. माणसाला दारापर्यंत आणणारं कारण आणि आत थांबवणारं कारण, ही दोन असतात. कर्जाने तिला त्या घरात आणलं. पण तिथून पळता का येत नाही? पोटात आठ-नऊ महिन्यांचं मूल आहे आणि चारी बाजूंनी डोक्याएवढा ऊस. पहिलं कारण पैशाचं, दुसरं शरीराचं. भाच्याला मी सांगितलं, ही दोन्ही कारणं कागदावर एकेका वाक्यात लिहून काढ. लिहिता आली नाहीत तर बंगल्याचं चित्र कितीही सुंदर काढ, उपयोग नाही.

त्याने एक मुद्दा काढला आणि तो खोटा नाही. २०१२ मध्ये 'स्लेंडर' नावाचा छोटा फुकट गेम आला. रात्रीचं रान, हातात टॉर्च, झाडा-भिंतींवर चिकटवलेले आठ कागद गोळा करायचे, मागावर एक बिनचेहऱ्याचा उंच माणूस. नायक कोण, कागद कशाला हवेत, काही सांगत नाहीत. तरी जगभरची पोरं खेळली आणि किंचाळली. मान्य. दहा-पंधरा मिनिटांच्या खेळाला कारण लागत नाही, जसं जत्रेतल्या भूतबंगल्यात शिरायला तिकिटापलीकडे कारण लागत नाही. पण भूतबंगल्यातून बाहेर आल्यावर आपण भजी खातो आणि विसरतो. भाच्याला सहा तासांचा गेम करायचाय. सहा तास माणूस तिकिटावर थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाला यातलं काय कळतं? उलट मला वाटतं, कारकुनालाच कळावं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी एका जुन्या इमारतीतल्या कचेरीत होतो. तळमजल्यावर रेकॉर्ड रूम. तिथे 'कोणीतरी' आहे, अशी सगळ्या स्टाफची खात्री. संध्याकाळी सहानंतर शिपाईसुद्धा खाली उतरत नसे. एक म्हातारे गृहस्थ वडिलांच्या जमिनीच्या कागदासाठी पेडण्याहून पाच खेपा घालून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तारीख होती. साडेसहाला मी खाली उतरलो. थोड्या वेळाने लाईट गेली. मोबाईलच्या उजेडात गठ्ठे उपसतोय आणि मागच्या रॅकवरून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज. मानेवर काटा आला. मंडळी, मी शूर नाही. झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतो. पण त्या म्हाताऱ्याची सहावी खेप मला बघवली नसती. फाईल सापडेपर्यंत मी तिथेच होतो. आवाज कशाचा होता ते आजही माहीत नाही. बहुतेक उंदीर.

हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामाजी, हाच तर गेम आहे!" असेल. सांगायचं एवढंच, की भीतीच्या जागी खरोखर जाणारी माणसं डिटेक्टिव्ह नसतात. ती रात्रपाळीची नर्स असते, लाईनमन असतो, जंगलातला बीटगार्ड असतो. त्यांना कुतूहल नसतं, काम असतं. आपल्या 'रात्रीस खेळ चाले' मालिकेने २०१६ मध्ये कोकण-गोव्यात घराघरांत ठाण मांडलं. अण्णा नाईक गेल्यावर सगळं कुटुंब वाड्यावर जमतं. कोण कशाला थांबलंय? सुतक आहे आणि जमीन आहे. आपल्या गावात कुलूप लागलेली घरं कमी आहेत का? वारस मुंबईत, आखातात, लिस्बनला. घर विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आत जाऊन सामानाची यादी करायला हवी. इंडोनेशियातल्या 'पमाली' या गेममध्ये एक तरुण घरच्यांचं जुनं घर विकण्याआधी साफ करायला येतो, एवढंच कारण आहे. गोव्यातल्या कुठल्याही घरात हे उद्या घडू शकतं.

दुसऱ्या दिवशी जॅक गेला. त्याच्या जागी गावातला तरुण आला आणि खलनायक म्हणून जंगलात एकटी राहणारी, केस पिंजारलेली एक म्हातारी, चेटकीण. मी म्हटलं, थांब. ही बाई लोकांना का मारते? "ती चेटकीण आहे म्हणून." हे कारण नव्हे, हा आरोप झाला. याच आरोपाखाली खरोखरच्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, आणि पुष्कळदा आरोप करणाऱ्याचा डोळा तिच्या जमिनीवर असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो उगाच नाही. गेममध्ये तिला बिनकारणाची दुष्ट करायची म्हणजे त्या आरोपावर आपणही सही करायची. भुतालासुद्धा कारण हवं. आपला राखणदार बघा. रात्री काठी वाजवत वेशीवरून फिरतो, आपण त्याला रोट देतो, विडी ठेवतो. त्याची भीती वाटते, पण तो काय करतोय हे लहान पोरालाही माहीत असतं: गाव राखतोय. म्हणून ती भीती पिढ्यान् पिढ्या टिकली.

तिसऱ्या दिवशी ताईच्या सासूबाईंच्या माहेरी गेलो, जंगलाला लागून असलेलं खेडं. पेंच आणि कान्हा या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा रानाचा पट्टा सिवनी-बालाघाट जिल्ह्यांतून जातो. मोहाचा हंगाम चालू होता. मोहाची फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात, पिवळसर, रसरशीत. उजाडेपर्यंत वाट बघितली तर हरणं आणि गुरं खाऊन जातात. म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. कुठलं झाड कुठल्या घराचं हे ठरलेलं. हंगाम काही आठवड्यांचा. फुलं वाळवून विकायची, त्यावर घरातला बराच खर्च भागतो. आणि फुलं वेचायला वाकलेला माणूस मागून वाघाला जनावरासारखा दिसतो, असं तिथले लोक सांगतात.

पहाटे साडेचारला आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. शेजारच्या एक बाई निघाल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला वाघाने मारलं होतं, त्याच बाजूला. मी न राहवून विचारलं, "भीती वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "वाटते ना जी. पण मी नाई गेली त हरणं खातीन." आणि गेल्या.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. चार दिवस आम्ही जे शोधत होतो ते टोपली घेऊन पुढे निघून गेलं होतं.

या भागातल्या बैगा लोकांमध्ये वाघाने मारलेल्या माणसासाठी एक विधी होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. बैगा त्या जागी जातो, रक्ताने भिजलेल्या मातीचा लहानसा ढीग करतो, हातापायांवर रांगत स्वतः वाघ होतो आणि ती माती दातांत धरतो. मग एकजण त्याच्या पाठीवर काठीने हलकेच मारतो. मध्य भारतात पुष्कळ ठिकाणी असा समज होता की मेलेल्याचं भूत वाघाच्या डोक्यावर बसून त्याला वाट दाखवतं. रात्री मी भाच्याला उत्साहाने म्हटलं, बघ, कथा तयार आहे. नवऱ्याचं भूत वाघावर बसलंय आणि त्याच रानात बायको फुलं वेचतेय. तो तिला हाक मारतो...

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "पाहुणे, मेलेल्या माणसाले तिचा वैरी नका करू जी."

मी ओशाळलो. दोन दिवसांपूर्वी चेटकिणीवरून भाच्याला शिकवत होतो आणि स्वतः तेच करून बसलो. दुसऱ्याच्या दुःखातून चांगलं कथानक निघतं, म्हणून ते आपलं होत नाही. अस्सल कारण माणसांकडूनच मिळतं हे खरं, पण मग ते विचारून घ्यावं. तायवानच्या 'डिटेन्शन' या २०१७ च्या गेममध्ये १९६० च्या दशकातल्या लष्करी कायद्याच्या काळातली शाळा आहे. तिथे लोकांना खरोखर पकडून नेलं जात होतं. तो गेम भिववतो आणि अपमान करत नाही, कारण बनवणाऱ्यांनी स्वतःच्या समाजाची जखम उघडली होती, शेजाऱ्याची नव्हे. भाचा कटंगीत वाढलेला, पक्क्या घरातला. ते रान त्याच्यापासून जवळ आहे, पण ते पोट त्याचं नाही.

निघायच्या दिवशी तो एकटाच पुन्हा त्या गावी गेला. त्या बाईंना लॅपटॉप दाखवला, आपण काय करतोय ते सांगितलं. तुमची गोष्ट घेणार नाही, म्हणाला, पण मोहफुलं वेचणारी एक बाई घेऊ का? नवरा नसेल, वाघाने मारलेलं कोणी नसेल. त्यांनी बराच वेळ पडद्यावरचं जंगल बघितलं. मोहाच्या झाडाखाली पाचोळा आधी साफ केलेला असतो, तुझ्या चित्रात तो तसाच आहे, हे पहिलं सांगितलं. मग विचारलं, शेवटी काय होतं? भाच्याने सांगितलं, भूत मरतं. त्या म्हणाल्या, "ते मरो का राहो. बाईची टोपली मात्र भरली पायजे."

गाडीत बसल्यावर त्याचा फोन आला. आता गेममध्ये कोपऱ्यात टोपली दिसते. ती भरली की घरी जाता येतं, आधी नाही. भुताशी लढायचं बटण काढून टाकलंय. पुढच्या झाडाखाली बाईची दहा वर्षांची मुलगी वेचतेय, तिलाही बरोबर आणायचंय. म्हणजे फुलांनी तिला रानात आणलं, आणि मुलगी तिला थांबवते. मित्र म्हणतायत, यात थ्रिल काय? मी म्हटलं, एकदा अंधारात अर्धी टोपली घेऊन उभं राहून बघा म्हणावं.

गेम पुरा होईल की नाही, देव जाणे. या वयातली पोरं वर्षात तीन गोष्टी सुरू करतात. पण त्याच्या वहीत पहिल्या पानावर आता "तो परत का जात नाही?" हे वाक्य आहे, आणि त्यात त्याने 'तो' खोडून 'ती' केलंय.

असो. आपल्याकडच्या पोरांनी असा गेम करायचा ठरवला तर त्यांची बाई कुठे निघाली असेल? माझ्या डोळ्यांपुढे पहाटे तीनला रापणीवर निघालेली माणसं येतात, आणि काजूच्या हंगामात एकट्याने भट्टी राखणारा म्हातारा. तुम्हाला कोण दिसतं, ते जरूर कळवा.